किशोरवयीन मुलांमध्ये बीपीडीचं स्क्रीनिंग: कोणाचं करायचं, कसं करायचं आणि स्कोअर आला की पुढे काय

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी समोर बसलीये, मनगटावर कापल्याच्या जुन्या-नव्या खुणा, वर्षभरात तीन जिवलग मैत्रिणी झाल्या आणि तिघी आता "शत्रू", आई सांगते की सकाळी गळ्यात पडते आणि संध्याकाळी दार आपटून म्हणते तू माझी आई नाहीसच. फाइलमध्ये आधीच्या लोकांनी लिहिलेली निदानं बघावीत तर डिप्रेशन, मग अँग्झायटी, मग एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा), एकाने तर थेट बायपोलर (मूड दिवसेंदिवस खूप चढणं आणि उतरणं). बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत टोकाला हेलकावणारा मानसिक आजार) हा शब्द कुठेच नाही, आणि का नाही विचारलं की ठरलेलं उत्तर, "अठराच्या आत ते निदान करत नाहीत ना."

करतात. डीएसएम-५ मध्ये (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानांचं पुस्तक) अठराखालच्या मुलांसाठी अट एवढीच आहे की लक्षणं किमान १ वर्ष टिकून असली पाहिजेत (अठराच्या आत जे निदान खरंच करता येत नाही ते अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे इतरांचे हक्क आणि नियम सतत पायदळी तुडवण्याच्या आजाराचं, आणि हे दोन्ही नियम लोकांच्या डोक्यात एकत्र झालेत असं मला वाटतं). ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये अठराखालच्या मुलांचा वेगळा विचार केलाय, आणि ऑस्ट्रेलियाच्या २०१२ च्या गाइडलाइनने तर सरळ सांगितलं की १२ ते १८ वयात नीट तपासणी करून निदान करता येतं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे वेगवेगळे डबेच काढून टाकले, आधी तीव्रता ठरवायची आणि मग हवा तर "बॉर्डरलाइन पॅटर्न" असा शेरा जोडायचा.

हा लेख समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट, फॅमिली डॉक्टर, नुकतं काम सुरू केलेले सायकिअॅट्रिस्ट यांच्यासाठी. आईवडील वाचत असतील तर जरूर वाचा, पण प्लीज घरी बसून मुलाचा फॉर्म भरून घेऊ नका. का ते पुढे कळेल.

पहिली पायरी: कोणाचं स्क्रीनिंग करायचं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून इथे जरा थांबतो. उत्साहाच्या भरात काही जण म्हणतात की शाळेतल्या सगळ्याच मुलांना फॉर्म वाटून टाकू. गणित मांडून बघा. समजा १००० मुलं आहेत, त्यातल्या ३ टक्क्यांना म्हणजे ३० जणांना खरंच बीपीडी आहे, आणि तुमची प्रश्नावली बऱ्यापैकी चांगली आहे, म्हणजे असलेल्या शंभरातले ८० पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडून देते. मग ३० पैकी २४ सापडतील, छान. पण उरलेल्या ९७० पैकी १९४ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे एकूण २१८ पॉझिटिव्ह आणि त्यात खरे २४, आठ जणांना उगाच धास्ती लावायची तेव्हा एक खरा. आता तीच प्रश्नावली अशा ठिकाणी वापरा जिथे १००० पैकी ३०० जणांना त्रास असणार आहे, उदाहरणार्थ वारंवार स्वतःला इजा करून येणाऱ्या मुलांचा वॉर्ड. तिथे २४० खरे आणि १४० खोटे पॉझिटिव्ह. साधन तेच, पण उत्तराचा अर्थ पार बदलला.

म्हणून सरसकट नाही, निवडून करायचं. ऑस्ट्रेलियाच्या त्या गाइडलाइनमध्ये जी यादी आहे तीच मी वापरतो: वारंवार स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे विचार-प्रयत्न, भावनांचे टोकाचे चढउतार, एकाच वेळी दोन-तीन मानसिक आजारांची निदानं, चालू उपचारांनी अपेक्षेइतका फरक न पडणं, आणि शाळा-घर-मैत्री सगळीकडेच गाडी अडलेली असणं. यातलं एखादं जरी ठळक दिसलं तरी बीपीडीचा विचार मनात यायला हवा. फक्त "मूडी आहे", "उलट बोलते", "सतत फोनवर असतो" यावर नाही, ते अर्ध्या जगातल्या टीनएजर्सचं वर्णन झालं.

दुसरी पायरी: कागद हातात द्यायच्या आधी

तीन गोष्टी तयार पाहिजेत, नसतील तर स्क्रीनिंग पुढे ढकला.

एक म्हणजे आज या मुलाने "मला मरायचंय" असं सांगितलं तर तुम्ही पुढच्या अर्ध्या तासात काय करणार. कोणाला फोन, मूल कोणासोबत थांबणार, इमर्जन्सीला कुठे न्यायचं, हे लिहून ठेवलेलं असावं. शुक्रवारी संध्याकाळी क्लिनिक बंद करायच्या वेळेला असा फॉर्म देऊ नये, हे मी अनुभवातून शिकलोय.

दुसरी गोष्ट गोपनीयता. मुलाशी आधीच स्पष्ट बोला: "तू जे सांगशील ते मी तुझ्या घरी जाऊन वाचून दाखवणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे, कोणीतरी तुला त्रास देतंय किंवा तू कोणाचं तरी बरंवाईट करशील असं वाटलं तर मला इतरांना सांगावंच लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन." पालकांची परवानगी कुठल्या वयापर्यंत लागते ते कायद्याप्रमाणे बदलतं, तुमच्याकडचा नियम बघून घ्या. पण परवानगी पालकांनी दिली तरी मुलाचा होकार वेगळा घ्यायचाच.

आणि तिसरी, पॉझिटिव्ह आल्यावर सविस्तर तपासणी कोण करणार. पुढे पाठवायला कोणीच नसेल तर स्क्रीनिंग करून तुम्ही मुलाच्या हातात फक्त एक भीतीदायक शब्द देताय.

तिसरी पायरी: प्रश्नावली निवडणं

फार पर्याय डोक्यात घ्यायची गरज नाही, दोन-तीन माहीत असले तरी पुरे.

मॅक्लीन स्क्रीनिंग इन्स्ट्रुमेंट, २००३ मध्ये झनारिनी आणि सहकाऱ्यांनी आणलेली, हो-नाही स्वरूपाचे १० प्रश्न, पाच मिनिटांत होते. मोठ्यांसाठी कटऑफ, म्हणजे ज्या आकड्यापासून पुढे पॉझिटिव्ह धरतात तो, ७ आहे. टीनएजर्सवर वापरताना ५.५ सुचवलेला आहे म्हणजे प्रत्यक्षात ६ किंवा जास्त. अडचण अशी की ती मुळात मोठ्यांसाठी बनलेली, त्यामुळे काही उदाहरणं चौदा वर्षांच्या पोराला लागूच होत नाहीत. शिवाय स्वतःला इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न एकाच प्रश्नात आहे, तिथे "हो" आलं तर नक्की कशाला हो ते तोंडी विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी मुलांसाठीच बनवलेली, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी फीचर्स स्केल फॉर चिल्ड्रन, २००५ ची. ९ वर्षांपासून पुढे चालते, २४ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ६६ च्या वर गेलं की नीट बघा. तिची ११ वाक्यांची छोटी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तिचा कटऑफ ३४. पालकांनी भरायची वेगळी आवृत्तीही आहे. माझी पसंती या छोट्या आवृत्तीला, भाषा सोपी आहे आणि कंटाळलेलं मूलही शेवटपर्यंत भरतं.

भाषांतराबद्दल एक सांगतो. स्वतः बसून प्रश्नांचं भाषांतर करायचं आणि वर मूळचाच कटऑफ लावायचा हा प्रकार सर्रास चालतो, तो बरोबर नाही. "आतून रिकामं वाटणं" हे एखाद्या मुलाला "बोअर होणं" वाटलं तर स्कोअरला काय अर्थ राहिला? तपासलेलं भाषांतर मिळत नसेल तर प्रश्न तोंडी, समजावून विचारा आणि आकड्यापेक्षा उत्तरांतल्या मजकुराकडे बघा.

चौथी पायरी: भरून घेणं

मूल एकटं, शांत खोलीत, आईबाबा बाहेर. "ही परीक्षा नाही, बरोबर-चूक काही नाही" एवढं सांगा. "गेल्या वर्षभरात साधारण तू कसा/कशी असतेस" ते विचारतोय असं स्पष्ट करा, कारण कालच ब्रेकअप झालेलं मूल कालचाच दिवस लिहितं. नुकताच मोठा धक्का बसला असेल, तीव्र डिप्रेशन चालू असेल किंवा नशेत असेल तर फॉर्म आज नको, आधी ते शांत होऊ दे.

फॉर्म परत आला की मूल खोलीत असतानाच नजर टाका. इजा-आत्महत्येच्या प्रश्नावर काय उत्तर आहे ते मूल घरी जायच्या आत कळलंच पाहिजे, स्कोअर नंतर मोजला तरी चालेल. आणि थेट विचारा. "मरून जावं असं वाटतं का? कसं, काही ठरवलंय का? यापूर्वी प्रयत्न केलायस का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे, २००५ मध्ये अमेरिकेत हायस्कूलच्या दोन हजारांहून जास्त मुलांवर हे तपासलं गेलं आणि विचारल्यामुळे त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. उलट आधीच डिप्रेस असलेल्या मुलांना विचारल्यावर जरा बरंच वाटलं.

स्वतःला इजा आणि मरायची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. बरीच मुलं सांगतात की कापलं की आतलं वादळ थोडा वेळ शांत होतं, मरायचं नव्हतं. पण म्हणून "लक्ष वेधायला करते" म्हणून सोडून देऊ नका, जी मुलं वारंवार इजा करतात त्यांना पुढे आत्महत्येचा धोकाही जास्त असतो. (आणि लक्ष वेधायला करत असली तरी मग लक्ष द्या की, त्यात एवढं काय.)

पाचवी पायरी: खरं काम, म्हणजे गप्पा

स्कोअर कटऑफच्या वर आला म्हणजे "याच्याशी सावकाश बोलायला हवं" एवढाच निरोप मिळाला. डीएसएमचे नऊ निकष आहेत, त्यातले पाच लागतात, आणि प्रत्येकाला मी तीन प्रश्न लावतो: हे किती दिवसांपासून, कुठेकुठे दिसतं, आणि यामुळे काय अडतं. फक्त एका मित्राबरोबर, फक्त गेल्या दोन महिन्यांत, आणि अभ्यास-झोप-मैत्री ठीक चाललंय, मग तो निकष मोजायचा नाही.

सोडून जातील ही भीती: मेसेजला दहा मिनिटं उत्तर नाही आलं तर काय होतं ते विचारा. सगळेच टीनएजर थोडे अस्वस्थ होतात, पण चाळीस मिस्ड कॉल, "मी काहीतरी करून घेईन" असे मेसेज, हे वेगळं. नात्यांमधली टोकं: "तुझा बेस्ट फ्रेंड कोण, आणि सहा महिन्यांपूर्वी कोण होता, मग काय झालं" एवढं विचारलं की चित्र आपोआप उलगडतं, देव आणि राक्षस यांच्या मध्ये माणसं नसतातच. स्वतःची ओळख हा सगळ्यात अवघड निकष आहे कारण या वयात ओळख घडतच असते, कपडे, आवडीनिवडी, करिअर, सगळं बदलत राहणं नॉर्मलच. बघायचं ते हे की बदल शोधातून होतोय की "मी कोणीच नाहीये, ज्याच्यासोबत असते त्याच्यासारखी होते" अशा भेदरलेपणातून. अविचारीपणा दोन तरी क्षेत्रांत हवा आणि स्वतःचं नुकसान करणारा हवा, जसं नशा, बेफाम गाडी चालवणं, असुरक्षित सेक्स, अधाशासारखं खाणं.

इजा आणि आत्महत्येचं वर आलंच.

मूडचे चढउतार हा निकष नीट समजून घ्या कारण बायपोलरशी घोळ इथेच होतो. बीपीडीमध्ये मूड काही तासांत फिरतो, फार तर एखाद-दोन दिवस टिकतो, आणि बहुतेक वेळा मागे काहीतरी घडलेलं असतं, कोणीतरी टाळलं, कोणीतरी रागावलं. मॅनिया (बायपोलरमधला खूप चढलेला मूड) म्हणायला आठवडाभर आणि हायपोमॅनियाला (त्याचं सौम्य रूप) किमान चार दिवस सलग चढलेला मूड लागतो, झोपेची गरजच कमी होते. मी मुलांना तासांचा आलेख काढायला लावतो, कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत, कागदावर रेघ. वीस मिनिटांच्या प्रश्नोत्तरांपेक्षा ती रेघ जास्त सांगते.

उरले रिकामपण, राग, आणि ताणात येणारा संशय किंवा "मी माझ्यातच नव्हते" असं सुटल्यासारखं वाटणं. रिकामपण मुलं आपणहून कधीच बोलत नाहीत, विचारावंच लागतं. रागाबद्दल पालकांकडून तासभर ऐकायला मिळतं, पण रागानंतर काय होतं ते मुलाला विचारा, बहुतेकदा प्रचंड लाज असते.

यासाठी तयार मुलाखतीही आहेत, चाइल्डहूड इंटरव्ह्यू फॉर बीपीडी खास मुलांसाठी बनवलेली आहे, प्रत्येक निकषाला ०, १ किंवा २ देतात. प्रशिक्षण घेऊन वापरा.

सहावी पायरी: दुसरं काही नाहीये ना

ट्रॉमाबद्दल विचारल्याशिवाय ही पायरी पूर्ण होत नाही. घरात किंवा बाहेर मारहाण, लैंगिक अत्याचार, चालू असलेलं बुलिंग, हे असेल तर आधी मुलाची सुरक्षितता, लेबल नंतर. पण ट्रॉमा आहे म्हणजे बीपीडी नाही असंही नाही, दोन्ही असू शकतं, आणि बीपीडी असलेल्या प्रत्येकाच्या मागे अत्याचार असतोच हेही खरं नाही, त्या समजापायी कितीतरी आईबाप विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

एडीएचडीमध्येही उतावळेपणा आणि भडकणं असतं, पण ते लहानपणापासूनचं, आणि माणसं सोडून जातील या भीतीभोवती फिरत नाही. ऑटिझम असलेल्या मुली बऱ्याचदा उशिरा ओळखल्या जातात, त्यांचे मेल्टडाऊन (सगळं अनावर होऊन कोसळणं) आवाज, गर्दी, ठरलेलं अचानक बदलणं यातून येतात, मैत्री तुटते ती संकेत न कळल्यामुळे. लहानपणाचा इतिहास विचारला की बराच उलगडा होतो. नशा, झोपेचे वांधे, थायरॉइड, चालू औषधं, हेही एकदा बघून घ्या.

मुलगे निसटतात हे पण सांगून ठेवतो. मुलगी कापून घेते तेव्हा आपण समुपदेशकाकडे पाठवतो, मुलगा भिंतीवर मूठ मारून हाड मोडून येतो तेव्हा त्याला शिस्तभंगाची नोटीस देतो.

पालकांशी वेगळं बोला. त्यांचं आणि मुलाचं उत्तर जुळणार नाही, ते अपेक्षितच आहे. पालकांना राग आणि भांडणं दिसतात, रिकामपण आणि मरणाचे विचार मुलालाच माहीत. कोण खोटं बोलतंय हे शोधत बसू नका.

सातवी पायरी: सांगायचं कसं

स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आल्यावर "तुला बीपीडी आहे" असं म्हणायचं नाही. मी साधारण असं म्हणतो: "तुझ्या उत्तरांवरून वाटतंय की तुला भावना इतरांपेक्षा लवकर आणि जोरात येतात आणि ओसरायला वेळ लागतो, नात्यांमध्ये याचा फार त्रास होतोय. याला मदत होते. नक्की काय आहे ते आपण अजून दोन-तीन भेटींत मिळून बघू." नाव विचारलं तर लपवू नका, मूल घरी जाऊन सर्च करणारच आहे आणि नेटवर "टॉक्सिक", "मॅनिप्युलेटिव्ह" असला कचरा त्याच्या वाट्याला येईल. त्यापेक्षा तुम्हीच सांगा.

आणि हे आकडे सांगा. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात हॉस्पिटलमध्ये दाखल झालेले बीपीडीचे २९० मोठे पेशंट वर्षानुवर्षं पाहिले गेले. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांखाली राहिली. पण नातं, शिक्षण, काम या सगळ्यासकट नीट उभे राहिलेले साधारण निम्मेच. म्हणजे वादळ ओसरतं, पण तोवर शाळा सुटलेली असते, मैत्री तुटलेली असते. पंधराव्या वर्षी का शोधायचं याचं उत्तर मला यातच दिसतं, आणि "लेबल लागेल" म्हणून गप्प बसणाऱ्यांशी माझं भांडण आहे तेही याच मुद्द्यावर.

आठवी पायरी: पुढे काय

उपचार मुख्यतः बोलण्याचे. टीनएजर्ससाठीच्या डीबीटीमध्ये (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी) दर आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, पालकांसकट कौशल्यांचा ग्रुप, आणि अडचणीच्या वेळी फोन. २०१४ मध्ये ऑस्लोला ७७ मुलांवर १९ आठवडे हे करून बघितलं, स्वतःला इजा करण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालं. एमबीटी (मेंटलायझेशन-बेस्ड थेरपी, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवणारी) हा दुसरा पर्याय, २०१२ मध्ये ८० मुलांवर तपासलेला, त्यातही इजा कमी झाली. बीपीडीवर मान्यताप्राप्त असं एकही औषध नाही. सोबत डिप्रेशन किंवा एडीएचडी असेल तर त्यासाठी औषध देतात, पण प्रत्येक भांडणानंतर एक गोळी वाढत वाढत पाच गोळ्या झालेली मुलं बघितली की वाईट वाटतं.

हे उपचार जवळपास मिळत नसतील तरी काहीच करता येत नाही असं नाही. सुरक्षिततेचा प्लॅन मुलाबरोबर बसून लिहा: धोक्याच्या खुणा कुठल्या, स्वतः काय करायचं, कोणाकडे जायचं, कोणाला फोन. घरातली औषधं, ब्लेड कुलपात. दर आठवड्याला ठरलेली वेळ द्या आणि ती पाळा, तुम्ही रजेवर जाणार असाल तर दोन आठवडे आधी सांगा, या मुलांसाठी तुमची रजा ही छोटी गोष्ट नसते.

तीन-चारच निकष बसले तर निदान नाही, पण घरी पाठवून विसरायचंही नाही, कौशल्यं शिकवायला निदान लागत नाही. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलाबरोबरच बघा. फाइलमध्ये लिहिताना "स्क्रीनिंग पॉझिटिव्ह, सविस्तर तपासणी बाकी" असं तारखेसकट लिहा, नुसतं "बीपीडी" लिहून प्रश्नचिन्ह टाकू नका, पुढच्या माणसाने फाइल उतरवून घेताना ते प्रश्नचिन्ह हमखास गळतं.